ब्रॉडवेची जुनी युगुलगीतं प्रेम कबूल का करत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'कॅरोसेल'चा १९५६चा चित्रपट पाहिला. त्यात झाडाखालच्या बाकावरचं जे गाणं आहे, ते अमेरिकन संगीत रंगभूमीवरच्या सर्वश्रेष्ठ प्रेमगीतांत धरतात असं वाचलं होतं. पण नायक किंवा नायिका, दोघांपैकी कुणीच 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं म्हणत नाही. मग ते प्रेमगीत कसं? आणि इतकी वर्षं लोक ते ऐकायला का येतात?

मी अमेरिकेत म्युझिकलच्या, म्हणजे तिथल्या संगीत नाटकांच्या, तालमींना पियानो वाजवतो आणि नटांकडून गाणी बसवून घेतो. त्यामुळे ही युगुलगीतं मी बहुतेक वेळा आतल्या बाजूने, तुकड्यातुकड्याने ऐकलेली आहेत. माझं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ते दोघं कबूल करत नाहीत, म्हणूनच ते गाणं टिकलं. शब्द नाही म्हणत असतात, सूर हो म्हणत असतात, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकाला त्या दोघांच्या आधी सगळं कळलेलं असतं. या प्रकारची बहुतेक मोठी गाणी याच फटीत उभी आहेत.

यामागे नाटककाराची एक अगदी व्यावहारिक अडचण होती. नायक-नायिका पहिल्या अंकात भेटतात. दोन चांगले आवाज समोर आले की प्रेक्षकांना त्यांचं गाणं लगेच हवं असतं, दोन तास थांबायची कुणाची तयारी नसते. पण पहिल्याच भेटीत प्रेम जाहीर झालं तर नाटक तिथेच संपलं. गाणं तर द्यायचं आणि गोष्ट तर राखायची, हे कसं जमवायचं? गीतकार आणि संवादलेखक ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरा याने या एका प्रश्नाला अठरा वर्षांत तीन उत्तरं दिली, आणि तिन्ही आज अभिजात मानली जातात.

पहिलं 'शो बोट'मध्ये, २७ डिसेंबर १९२७ला, न्यूयॉर्कच्या झिगफेल्ड थिएटरात. संगीत जेरोम कर्नचं. मिसिसिपी नदीवरची नाटकाची बोट नॅचेझच्या धक्क्याला लागलेली आहे. कप्तानाची मुलगी मॅग्नोलिया आणि गेलॉर्ड रॅव्हेनल हा देखणा जुगारी, दोघांची ओळख होऊन काही मिनिटंच झालेली. रॅव्हेनल म्हणतो, आपण प्रेमात आहोत असं नुसतं समजू या. खेळ म्हणून. तिला नाटकाचं वेड आहेच, ती खेळायला तयार होते. शब्दांत सगळं खोटं खोटं चाललेलं असतं. पण कर्नची चाल खेळकर नाही. लांब श्वासाची, भरघोस, खऱ्या प्रेमाला शोभेल अशी ती चाल आहे. पुढे दुसऱ्या अंकात काय होतं ते पाहा. जुगारात सगळं गमावलेला रॅव्हेनल बायकोला सोडून जायला निघालेला आहे. जाण्याआधी तो मुलीला, किमला, तिच्या कॉन्व्हेंट शाळेत भेटायला जातो आणि तेच गाणं तिला म्हणून दाखवतो. बाबा जवळच आहेत असं समज. चाल तीच, कल्पनाही तीच, पण पहिल्या वेळी जी थट्टा होती तिचा आता निरोप झालेला असतो. तालमीत हा प्रसंग आला की मी नटाला आवाज कमी करायला सांगतो, एवढंच; बाकी काही सांगावं लागत नाही.

दुसरं उत्तर 'ओक्लाहोमा!'चं. ३१ मार्च १९४३, सेंट जेम्स थिएटर. आता हॅमरस्टाइनबरोबर संगीतकार रिचर्ड रॉजर्स आहे. कर्ली हा काउबॉय आणि लॉरी ही शेतावरची मुलगी, दोघंही अडून बसलेली. गावात कुजबुज सुरू आहे. लॉरी कर्लीला बजावते: माझ्यावर फुलं उधळू नकोस, माझ्या घरच्यांची फार मर्जी राखू नकोस, माझ्या विनोदांवर फार हसू नकोस, लोक म्हणतील यांचं जमलंय. मग कर्ली आपली यादी ऐकवतो. वरवर पाहता ही नुसती मनाई आहे. पण प्रत्येक 'नको'मधून एक गोष्ट उघडी पडते: तो काय काय करतो हे तिने बारकाईने पाहिलेलं आहे, आणि तिने काय काय केलं हे त्याच्याही लक्षात आहे. दुसऱ्या अंकात लग्न ठरतं आणि तेच गाणं एका छोट्या बदलाने परत येतं: म्हणू देत लोकांना. त्या एका ओळीवर थिएटर सुखावतं, कारण पहिल्या अंकापासून सगळे तिची वाट पाहत असतात. युद्धकाळात आलेल्या या नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले.

आणि तिसरं उत्तर म्हणजे तुमचा बाक. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

'कॅरोसेल' १९ एप्रिल १९४५ला मॅजेस्टिक थिएटरात उघडलं. त्याच ४४व्या रस्त्यावर समोर 'ओक्लाहोमा!' अजून चालूच होतं. मूळ नाटक हंगेरियन, फेरेन्क मोलनारचं 'लिलिओम', बुडापेस्ट, १९०९. हॅमरस्टाइनने ते अमेरिकेच्या मेन राज्यातल्या किनाऱ्यावर, १८७३ सालात आणलं. गाण्याची कल्पना मूळ संवादातच होती. नायक लिलिओम नायिकेला विचारतो, माझ्यासारख्या रांगड्या माणसाशी तू लग्न थोडंच करशील, म्हणजे माझ्यावर प्रेम असतं तरी? ती म्हणते, केलं असतं, प्रेम असतं तर. एवढ्या दोन वाक्यांवर हॅमरस्टाइन थांबला आणि त्या 'तर'मधून त्याने सुमारे बारा मिनिटांचा प्रसंग उभा केला.

त्या संध्याकाळी दोघांनीही काय गमावलंय हे ध्यानात ठेवा. 'कॅरोसेल'ची नायिका ज्युली जॉर्डन कापडगिरणीत काम करते, गिरणीच्याच वसतिगृहात राहते, आणि रात्री वेळेत परत गेलं नाही तर नोकरी जाते. गिरणीचा मालक तिथून जाताना तिला परत घेऊन जायची तयारी दाखवतो. ती नाही म्हणते. पोलीस तिला सांगतो, हा बिली बिगेलो मुलींचे पैसे लुबाडणारा आहे. तरी ती उठत नाही. नायक बिली हा जत्रेतल्या घोड्यांच्या चक्राचा पुकारा करणारा. त्याची नोकरीही त्याच दिवशी गेलेली आहे. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच ज्युलीने जन्माचा निर्णय घेतलाय, आणि तो कृतीने घेतलाय. तोंडाने ती अजून फक्त 'प्रेम असतं तर' एवढंच म्हणते.

आता संगीत. बोलणं कुठे थांबतं आणि गाणं कुठे सुरू होतं हे नीट बसवलेल्या प्रयोगात सांगता येत नाही. ऑर्केस्ट्रा बोलण्याखालून हलकेच चालू राहतो, एखादं वाक्य सुरात जातं, परत बोलण्यात उतरतं. ज्युली गिरणीतलं सांगते: मी मागावर बसून छताकडे पाहत राहीन, धोटा दोऱ्यांत अडकेल, ताण्यात बाणा मिसळेल, प्रेम असतं तर. इथे कवी प्रेमासाठी चंद्र-तारे आणत नाही. गिरणीतल्या मुलीला प्रेम झालं तर कापड बिघडेल, एवढंच. मला हे हॅमरस्टाइनचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

मग मुख्य गाणं येतं, आणि त्यात पुढची सगळी गोष्ट सांगितलेली आहे. प्रेम असतं तर सांगायचा प्रयत्न केला असता, शब्द सुचले नसते, संधी हातून निसटल्या असत्या, तू निघून गेला असतास आणि तुला कधी कळलंच नसतं. नेमकं हेच होतं. बिली लग्नानंतरही ते कधी म्हणत नाही, दरोड्याच्या फसलेल्या प्रयत्नात मरतो, आणि एका दिवसासाठी पृथ्वीवर परत येतो तेव्हा ज्युलीला न दिसता हेच गाणं गातो. तेव्हा कुठे तो सांगतो, आणि ऐकणारीला तो दिसत नाही. बाकावरचं गाणं ऐकताना हे ठाऊक असलं तर ते दुसऱ्यांदा ऐकवत नाही इतकं लागतं. म्हणून तुम्हाला सुचवतो: चित्रपट शेवटपर्यंत पाहिलात, आता तो प्रसंग परत एकदा पाहा.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या प्रसंगात ते दोघं एकत्र गातच नाहीत. आधी ती पूर्ण गाते. मग बोलणं होतं. वारा नसतानाही झाडाचा मोहर गळतोय हे दोघं पाहतात. ती म्हणते, त्यांची वेळ झाली असेल. मग तो गातो. शेवटी ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीने चाल घेतो, आणि चुंबन होतं ते त्या वाद्यसंगीतावर. दोन आवाजांचं मिलन रॉजर्सने राखून ठेवलं आणि ते वाद्यांना दिलं. तरुण गायकांना हा प्रसंग देताना माझी पहिली सूचना ठरलेली असते: आधी सगळं बोलून दाखवा, गाऊ नका. दुसरी सूचना लयीची. ही चाल सुंदर आहे हे कळलं की गायक ती ओढायला लागतो, आणि ओढली की 'तर' मरतो. उरते फक्त कबुली. आपल्याकडच्या नाट्यपदात गायकाला रागाची बढत करायला मोकळीक असते, वन्स मोअर घेता येतो, आणि त्यात वेगळाच आनंद आहे. इथे लय आणि वेळ संगीतकाराने प्रसंगाशी बांधून दिलेली असते. गायकाला जे काही करायचं ते त्या चौकटीत.

या नाटकाबद्दल एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. बिली ज्युलीवर हात उगारतो, आणि शेवटाकडे नाटक ते फार सहज माफ करतं. आजचे दिग्दर्शक या जागी अडतात आणि अडायलाच हवं. माझ्या मते बाकावरचा प्रसंग त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट स्वतःच्या भावनेला शब्द न देऊ शकणारा पुरुष काय करून बसतो हे तिथेच दिसायला लागतं. पण ज्याला हे नाटक पाहवत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

एकत्र न गाण्याचं दुसरं उदाहरण गरजेतून आलं. 'साउथ पॅसिफिक' (१९४९) मध्ये एझिओ पिंझा हा मेट्रोपॉलिटन ऑपेराचा प्रसिद्ध बास (सर्वांत खालच्या आवाजाचा) गायक आणि मेरी मार्टिन ही ब्रॉडवेची लाडकी अभिनेत्री होती. पिंझाच्या त्या प्रचंड आवाजाशेजारी गायला मार्टिन बिचकत होती, तेव्हा दोघांनी एकाच वेळी गायचं नाही असं रॉजर्सने मान्य केलं. त्यातून दोन स्वगतांचं गाणं जन्मलं: अर्कान्सासची नर्स नेली आणि मध्यमवयीन फ्रेंच मळेवाला एमिल, एकाच खोलीत, प्रत्येक जण मनातल्या मनात. मी त्याच्यासाठी फार साधी आहे. मी तिच्यासाठी म्हातारा आहे. चाल दोघांची एकच, त्यामुळे प्रेक्षकाला कळतं की हे एकाच गोष्टीचा विचार करताहेत. मग दोघं ब्रँडीचे पेले उचलतात आणि ऑर्केस्ट्रा उसळतो. कुणी काही बोललेलं नाही.

'द किंग अँड आय' (१९५१) तर याहून पुढे गेलं. सयामचा राजा आणि इंग्रज शिक्षिका अ‍ॅना यांच्यात प्रेमाचा उच्चारही शक्य नाही. म्हणून पोल्का हा जोडीने करायचा युरोपीय नाच शिकवायचं निमित्त. आधी ते नुसते हात धरून नाचतात. राजा थांबतो: युरोपीय लोक असे नाचत नव्हते, मी पाहिलंय. आणि तो तिच्या कमरेला हात घालतो. त्या क्षणी बसलेल्या प्रेक्षागृहात मी दर वेळी लोकांचा श्वास थांबलेला ऐकलाय. मग पोल्का पूर्ण वेगात सुटते.

मला स्वतःला सर्वांत लाडकं उदाहरण मेरेडिथ विल्सनच्या 'द म्युझिक मॅन'मधलं, १९५७चं. हॅरल्ड हिल हा भामटा आयोवातल्या गावात मुलांचा बँड उभारायच्या नावाखाली पैसे गोळा करतो. त्याचं गाणं म्हणजे दणदणीत मार्च, संचलनाच्या ठेक्याचं. ग्रंथपाल मेरियन एकटी आहे. तिचं गाणं म्हणजे तीन मात्रांचा संथ वॉल्ट्झ, कुणा अनोळखी प्रियकराला शुभरात्री म्हणणारा. बहुतेक प्रेक्षकांना सुरुवातीला कळत नाही की दोन्हींची चाल एकच आहे, फक्त ठेका आणि लय वेगळी. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस दोघं आपापल्या जागी आपापलं गाणं गातात, आलटून पालटून, आणि मध्येच अदलाबदल होते: ती मार्च गाते, तो वॉल्ट्झ. भामट्याच्या तोंडी एकटीचं गाणं आलं की तो आता पळून जाणार नाही हे आपल्याला कळतं, त्याला अजून कळायचं असतं. संगीतानेच कथानक पुढे ढकलण्याचं इतकं स्वच्छ काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

'वेस्ट साइड स्टोरी'चं लोखंडी जिन्यावरचं युगुलगीत (तेही १९५७चं) सर्वांना माहीत आहे, म्हणून एवढंच सांगतो: त्याची चाल मूळची पहिल्या अंकाच्या शेवटाकडे येणाऱ्या पाच पदरी समूहगानातली. संगीतकार बर्नस्टाइन आणि गीतकार सॉन्डहाइम यांनी ती तिथून उचलून जिन्यावरच्या प्रसंगासाठी वाढवली. म्हणून मारामारीच्या तयारीत असलेल्या टोळ्यांच्या गोंगाटात टोनी आणि मारिया या प्रेमिकांची ती चाल वर येते तेव्हा ती तिथलीच वाटते.

माझ्या म्हणण्याला एक सणसणीत अपवाद आहे. जॉर्ज गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस'मध्ये (१९३५) पोर्गी आणि बेस सरळ सांगतात, तू माझी, मी तुझी, आणि दोन्ही आवाज ऑपेरासारखे एकमेकांत गुंफले जातात. तरी ते गाणं थरकाप उडवतं, कारण बेसचा आधीचा पुरुष क्राउन फरार आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि ती सहलीला जाणार त्या बेटावर तोच लपलेला आहे. इथे कबुलीच्या वाटेत शब्द आडवे येत नाहीत, सगळं जग येतं. जाता जाता: टॉड डंकन आणि अ‍ॅन ब्राउन या मूळ कृष्णवर्णीय जोडीने वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात १९३६मध्ये प्रेक्षकांत वर्णभेद चालणार नाही अशी अट घातली आणि ती मान्य करून घेतली. ही माणसं रंगमंचावर जितकी मोठी होती तितकीच बाहेरही.

आणि युगुलगीत मुळीच नसणं हेही कधी कधी योग्य असतं. 'ती फुलराणी'मुळे शॉच्या 'पिग्मॅलियन'ची गोष्ट आपल्याला घरची आहे. त्याच नाटकावरच्या 'माय फेअर लेडी'त (१९५६) हिगिन्स आणि एलायझा प्रेमाचं एकही गाणं एकत्र गात नाहीत. शेवटाकडे तो एकटाच, चिडचिड करत, तिच्या चेहऱ्याची सवय झाल्याचं कबूल करतो. त्या माणसाला याहून जास्त बोलायला लावणं खोटं झालं असतं.

आवाजांचाही यात मोठा वाटा आहे, आणि तो तांत्रिक असल्यामुळे सहसा कुणी सांगत नाही. स्त्री-पुरुष एकत्र गायला लागले की पट्टीचा प्रश्न येतो. आपल्याकडे गाणाऱ्यांना तो चांगलाच ठाऊक आहे. एकाला सोयीची पट्टी दुसऱ्याला खाली किंवा वर पडते. या काळातल्या कित्येक जोड्या बॅरिटोन (मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज) नायक आणि सोप्रानो (उंच स्त्री-आवाज) नायिका अशा आहेत. या दोन आवाजांच्या सोयीच्या जागा साधारण एका सप्तकाच्या अंतरावर येतात, त्यामुळे दोघांना एकाच पट्टीत एकच चाल फुलवून गाता येते. नंतरच्या म्युझिकलमध्ये नायिका छातीच्या आवाजात, जोरकस गाऊ लागल्या आणि नायक टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे, झाले; आता एकत्र गाताना कुणाला तरी मुरड घालावी लागते किंवा मध्येच पट्टी बदलावी लागते. शिवाय १९४०च्या दशकात नटाच्या अंगावर मायक्रोफोन नसायचा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायचा तर चालीत लांब स्वर हवेत, शब्दांच्या शेवटी मोकळे उच्चार हवेत. ही गाणी इतकी गाण्याजोगी आहेत त्यामागे ही गरजही आहे. १९४३मध्ये डेका या ध्वनिमुद्रण कंपनीने 'ओक्लाहोमा!'ची गाणी मूळ कलाकारांच्याच आवाजात मुद्रित केली, मग जास्त वेळ वाजणारी एलपी तबकडी आली, आणि मग अमेरिकेतल्या शाळाशाळांत ही नाटकं बसू लागली. गाणी घरोघर पोचली ती अशी.

शेवटी 'फिडलर ऑन द रूफ'. १९६४, संगीत जेरी बॉक, गीतं शेल्डन हार्निक. ब्रॉडवेवर यायच्या आधी डेट्रॉइटला चाचणी प्रयोग चालू असताना हे युगुलगीत नाटकात आलं. झारच्या रशियातला ज्यू दूधवाला तेव्या, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. पोरी आता स्वतःच्या पसंतीने लग्नं ठरवू लागल्यात. दुसऱ्या मुलीलाही होकार देऊन तो घरी येतो आणि बायकोला, गोल्डेला, विचारतो: तुझं माझ्यावर प्रेम आहे का? तिला वाटतं त्याला अपचन झालंय, ती त्याला पडायला सांगते. तो सोडत नाही. त्यांची पहिली भेटच लग्नाच्या दिवशी झालेली होती, आईवडील म्हणाले होते की प्रेम नंतर होईल. मग ती हिशेब मांडते: पंचवीस वर्षं कपडे धुतले, स्वयंपाक केला, गाईचं दूध काढलं, मुलं दिली. हे प्रेम नाही तर काय? आपल्याकडच्या प्रेक्षकांना या गाण्यात काही समजावून सांगावं लागत नाही. न्यू जर्सीतल्या प्रयोगांना आलेल्या मराठी कुटुंबांत साठीच्या पुढच्या जोडप्यांना मी एकमेकांकडे न बघता हसताना पाहिलंय. आणि इथे, अगदी अखेरीस, ते दोघं एकत्र गातात: याने काही बदलत नाही, पण कळलं ते बरं झालं.

सुरुवात कुठून करावी, हेही तुम्ही विचारलं होतंत. 'द म्युझिक मॅन'चं १९५७चं मूळ ध्वनिमुद्रण आधी घ्या, रॉबर्ट प्रेस्टन आणि बार्बरा कुक यांचं. त्यात मार्च आणि वॉल्ट्झ दोन्ही ऐकून एकच चाल स्वतः शोधा. मग जॉन रेट आणि जॅन क्लेटन यांचं १९४५चं 'कॅरोसेल'. ध्वनिमुद्रण जुनं आहे आणि प्रसंग बराच आटोपशीर केलाय, पण रेटचा आवाज ऐकल्यावर बिलीची भूमिका बॅरिटोनसाठीच का लिहिली हे कळेल. 'ओक्लाहोमा!'चं २०१९चं पुनरुज्जीवन शेवटी ऐका. त्यात सात वादकांचा लहानसा बँड आहे, बँजो-मँडोलिनवाला, आणि कर्ली-लॉरीच्या त्याच मनाईच्या यादीत इतकी शारीरिक ओढ आहे की १९४३च्या शब्दांत ती पहिल्यापासून होती हे ऐकताना पटतं.